कोकोनट शाय आणि अंतरपाट

इंग्लंडच्या खेड्यांत जून ते ऑगस्टच्या दरम्यान एखाद्या शनिवारी दुपारी ‘फेट’ भरते. कधी चर्चचं छप्पर गळत असतं, कधी शाळेला झोपाळे हवे असतात, कधी गावच्या हॉलमधला बॉयलर शेवटच्या घटका मोजत असतो. पैसे उभे करायला गावकरी हिरवळीवर टेबलं मांडतात. घरचे केक, जॅम, जुनी पुस्तकं, जास्तीची रोपं विकायला ठेवतात. पोरांना चमच्यात अंडं धरून पळवतात. नारळांवर चेंडू मारायला लावतात, त्या खेळाला ‘कोकोनट शाय’ म्हणतात. आणि पाच वाजता टेबलं मिटून घरी जातात. माझ्या लेकीला स्वतःचं लग्न तसं हवं होतं. त्यातही ‘विंटेज’, म्हणजे १९४०-५० च्या सुमारास भरत असेल तशी फेट.

मुलगा विल्टशरचा. त्याच्या आईवडिलांचं घर गावाबाहेर, मागे एक कुरण, कडेला बीचची झाडं. आम्ही राहतो रेडिंगला, एम-फोर महामार्गावरून फार लांब नाही. जागा फुकट मिळाली म्हणून जो तो आमचं अभिनंदन करत होता. पण कुरण फुकट मिळतं तेव्हा मिळतं ते फक्त गवत. तंबू, वीज, पाणी, शौचालयं, जमिनीवर अंथरायच्या चटया, गाड्या लावायची व्यवस्था, सगळं बाहेरून आणायचं. हॉटेलात लग्न केलं असतं तर स्वस्तात पडलं असतं, असं माझ्या नवऱ्याचं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे, आणि हिशेबाची वही त्याच्या बाजूने आहे.

तारीख ठरली शनिवार, २५ जून २०२२. आषाढी एकादशी १० जुलैला होती, त्यानंतर चातुर्मास, म्हणून त्याआधीचं काहीतरी बघा असं मी गुरुजींना सांगितलं. त्यांनी काढीव मुहूर्त दिला. पंचांगाची बाजू सांभाळली गेली, पण इंग्लंडचं पंचांग वेगळं असतं. कोविडमुळे खोळंबलेली लग्नं सगळी त्याच उन्हाळ्यात लागत होती. शिवाय शेजारच्या सॉमरसेटमध्ये २२ ते २६ जून ग्लॅस्टनबरीचा संगीत महोत्सव होता, दोन वर्षं रद्द झाल्यानंतरचा पहिला. तिथे दोन लाखांवर माणसं शेतात तंबू ठोकून राहतात. आता एवढ्या माणसांना काय लागतं? फोन केला त्या प्रत्येक पुरवठादाराने शौचालयांच्या बाबतीत एकच उत्तर दिलं, “त्या आठवड्यात? ग्लॅस्टनबरी आहे हो.” शेवटी हॅम्पशरमधून चाकांवरची शौचालयं ठरवली. ती नक्की होईपर्यंत मी फुलांच्या रंगाबद्दल एक शब्द बोलू दिला नाही. लेक चिडली, पण हा क्रम मी पुन्हाही असाच ठेवीन.

कायद्याची बाजू वेगळी. इंग्लंडमध्ये सिव्हिल लग्न रजिस्टर ऑफिसात होतं, नाहीतर सरकारमान्य जागेत. २०२१ च्या जुलैपासून अशा मान्य जागेच्या अंगणात, उघड्यावर लग्न लावायची परवानगी मिळाली, पण व्याह्यांच्या कुरणाला कुठली मान्यता असणार? त्यामुळे दोघांनी आधी नोटीस दिली, २८ दिवसांची मुदत जाऊ दिली आणि शनिवारच्या आधीच रजिस्टर ऑफिसात चार माणसांत सह्या केल्या. तिथे धार्मिक काहीही चालत नाही, आवारात कागदाची फुलं उधळू नका अशी पाटी. मला वाटलं होतं तो नुसता कागदी सोपस्कार असेल. पण ४ मे २०२१ पासून इथल्या विवाहनोंदीत आईचंही नाव घालतात. १८३७ पासून तोपर्यंत फक्त वडिलांचं नाव आणि त्यांचा व्यवसाय लिहीत. नोंदणी करणाऱ्या बाईंनी मला विचारलं, “तुमचा व्यवसाय?” शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक, म्हटलं. त्यांनी तसं लिहिलं. विहीणबाईंनी शेतकरी असं सांगितलं आणि व्याह्यांकडे बघितलं.

आता सजावट. लेकीने पिंटरेस्टवर चित्रं गोळा केली होती. जॅमच्या बरण्यांत रानफुलं, गोणपाटावर लेस, गवताच्या गठ्ठ्यांवर बसलेले पाहुणे, फळ्यावर खडूने लिहिलेली सुंदर अक्षरं, जुन्या सुटकेसींची उतरंड, दुधाचे कॅन. एका नियोजन करणाऱ्या कंपनीकडून दरपत्रकही मागवलं. त्यांच्याकडे ‘कंट्री फेट’ नावाचं अख्खं पॅकेज होतं, पट्ट्यापट्ट्यांच्या कनातीचे चार स्टॉल, त्यांवर रचलेल्या वस्तू, एक जुनी सायकल, फोटो काढायची चौकट. मी विचारलं, स्टॉलवर उभं कोण राहणार? पलीकडून उत्तर आलं की स्टॉल ‘दर्शनी’ आहेत. म्हणजे नारळ मांडलेले, पण मारायचे नाहीत. दरपत्रकातला आकडा मी इथे लिहीत नाही, उगाच कुणाची झोप जायला नको.

हीच चित्रं लेकीने आजेसासूबाईंना दाखवली. त्यांचं वय ८६, जन्म त्याच गावातला. चष्मा लावून सगळी बघितली आणि म्हणाल्या, “एवढा केक कुठून आला यांच्याकडे?” युद्धात साखरेवर रेशन होतं, आणि केकवर आयसिंग घालायला १९४० पासून बंदीच होती. लग्नात बेकरीवाल्याकडून पुठ्ठ्याचा पांढराशुभ्र तीनमजली सांगाडा भाड्याने आणत, त्याच्याखाली असे छोटासा कोरडा केक. फोटो पुठ्ठ्याचा काढायचा. युद्ध संपल्यावरही मिठाईवरचं रेशन उठलं ते १९५३ च्या फेब्रुवारीत आणि साखरेवरचं त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. तोवर आजी शाळा सोडून कामालाही लागल्या होत्या. गोणपाट टेबलावर घातलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. घरातली सगळ्यात चांगली चादर इस्त्री करून घालत. तुमच्या फेटमध्ये मग होतं काय, असं विचारल्यावर त्यांनी जी यादी सांगितली ती मी वहीत उतरून घेतली. लाकडी खुंट्यांवर चेंडू टाकायचा आणि जिंकणाऱ्याने जिवंत डुकराचं पिल्लू घरी न्यायचं. केकचं वजन ओळखायचं. नळीतून सोडलेला चिंध्यांचा उंदीर खाली पडायच्या आत काठीने हाणायचा. दोरीखेच, विवाहित विरुद्ध अविवाहित. आणि चहा, भरपूर चहा.

त्या दुपारनंतर लेकीची चित्रं बाजूला पडली आणि ही यादी पुढे आली. तिथून आमचं काम खरं सुरू झालं असं मी मानते. फेट दिसते कशी याला फार किंमत नाही. ती चालवायला गावातली निम्मी माणसं राबतात आणि उरलेली निम्मी त्यांच्याकडून काहीतरी विकत घेतात. प्रत्येकाला दुपारभर काहीतरी काम असतं. हे आपल्याकडच्या लग्नघराला अगदी ओळखीचं आहे. पाहुण्यांना खुर्च्यांवर बसवून फक्त बघायला लावायची पद्धत हॉलवाल्यांनी आणली. आधी आत्याबाई कोठीघर सांभाळत, मामा पंगतीला वाढत, पोरं गुलाबपाणी शिंपडत. तेव्हा आम्ही ठरवलं की ज्याला दोन हात आहेत त्याला एक स्टॉल द्यायचा आणि ज्या स्टॉलला माणूस मिळणार नाही तो मांडायचाच नाही.

सामान विकत घ्यायचं, की भाड्याने आणायचं? दोन्हींची फारशी गरज पडली नाही. विहीणबाई गावच्या हॉलच्या समितीवर आहेत. हॉलच्या मागच्या खोलीत गावच्या फेटचं सगळं साहित्य वर्षभर पडून असतं. घडीची लांब टेबलं, कोकोनट शायचे लाकडी कप आणि खुंट, टोम्बोलाचा, म्हणजे चिठ्ठ्यांच्या सोडतीचा, फिरता पिंप, पाण्यातली प्लास्टिकची बदकं आणि त्यांना पकडायचे आकडे. हॉलच्या निधीला देणगी द्यायची आणि न्यायचं. शिवाय कपाटभर फिकट हिरव्या कपबश्या. वुड्स वेअर कंपनीची ‘बेरिल’ नावाची ही भांडी युद्धाच्या काळात निघाली आणि मग इंग्लंडमधल्या चर्चच्या हॉलांत, शाळांत, कॅन्टीनांत दशकानुदशकं राहिली. जाड, न फुटणारी, एकावर एक रचता येणारी. ज्या काळाचा देखावा आम्हाला उभा करायचा होता, त्या काळातलं खरं भांडं हेच. लेकीला मात्र गुलाबाच्या फुलांचे, सोनेरी कडेचे, एकाला एक न जुळणारे कप हवे होते. मग दोघींनी तोडगा काढला. नवरानवरीच्या आणि थोरामोठ्यांच्या टेबलांवर फुलाफुलांचे, बाकी सगळीकडे बेरिल.

ते फुलाफुलांचे कप जमवणं हा भाग मात्र मी मनापासून उपभोगला. जुन्या वस्तूंसाठी हंगरफर्ड हे गाव प्रसिद्ध आहे, वाटेतच पडतं. तिथे जायचं ते किमती बघून यायला. घ्यायचं रविवारी सकाळी कार बूट सेलला. लोक गाडीची डिकी उघडून घरातली अडगळ विकायला बसतात. पहाटे पोचलात तर माल चांगला मिळतो, अकरानंतर पोचलात तर भाव चांगला मिळतो. मी अकरानंतरची. कपाला नखाने टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. बशीशिवायचा कप आणि कपाशिवायची बशी अगदी कवडीमोलाने देतात. मंडईत घासाघीस करत वाढलेल्या बाईला आणखी काय हवं? लेक लांब उभी राहायची, ओळख नसल्यासारखी.

पताका, म्हणजे इथलं बंटिंग. २ ते ५ जून राणीच्या राज्यारोहणाची सत्तर वर्षं साजरी झाली होती, त्यामुळे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दुकानांत युनियन जॅकच्या पताका मातीमोलाने निघाल्या. लेकीला त्यांचे रंग नको होते. मला त्या का नको होत्या ते इथे लिहायची गरज नाही. आम्ही हिवाळ्यातच शिवायला घेतलं होतं. पुण्याहून वहिनीने खणाचं कापड पाठवलं, त्यात आईची दोन जुनी इरकली लुगडी आणि माझ्या विरलेल्या सुती साड्या. त्रिकोण वीस सेंटिमीटर रुंद, पंचवीस लांब, मध्ये पाच सेंटिमीटरची फट. म्हणजे दहा मीटरला चाळीस त्रिकोण लागतात. अस्तर लावून दुहेरी शिवायचं की नागमोडी कातरीने कापून एकेरी ठेवायचं यावर माझ्यात आणि विहीणबाईंत मतभेद झाले. तंबूत एकेरी चालतं, उजेड आरपार येतो. बाहेर वाऱ्यात एकेरी पताका गुंडाळून जाते. खण आधीच टणक, तो एकेरीच बरा. इरकलीला अस्तर लावलं. गडद जांभळा, कुंकवी, मोरपंखी, असे रंग पिंटरेस्टच्या एकाही चित्रात नव्हते. तंबूच्या पांढऱ्या कापडाखाली काठाची जर जशी चमकली, त्यापुढे ती फिकट गुलाबी चित्रं आजारी वाटायला लागली.

गवताच्या गठ्ठ्यांवरून खरा पेच पडला. एक तर बसायला वापरतात तो कोरडा पेंढा, गवत नव्हे. गवताने शिंका येतात आणि शेतकऱ्याला ते जनावरांसाठी हवं असतं. पेंढा मळणीनंतर, म्हणजे जुलै-ऑगस्टनंतर मिळतो. जूनमध्ये मिळणारा मागच्या हंगामाचा, आणखी सुकलेला. आणि आम्हाला करायचा होता होम. तंबूवाल्यांच्या करारात स्पष्ट लिहिलेलं की तंबूत उघडी ज्योत नको आणि तंबूच्या जवळही नको. विम्याच्या कागदातही तेच. फोनवरच्या मुलाला मी लाजाहोम समजावून सांगायला लागले, तर त्याने अतिशय नम्रपणे विचारलं, “ही आग किती मोठी असेल, मॅडम?”

व्याह्यांनी चार काठ्या घेऊन कुरणच आखलं. होमकुंड झाडांपासूनही दूर, उघड्या आकाशाखाली, तंबूवरून वारा जिकडे जातो त्या बाजूला. कापलेल्या गवतावर फरश्या, फरश्यांवर वाळू, वाळूवर धातूचं हवनकुंड. बाजूला पाण्याच्या बादल्या, गोठ्यातल्या नळाला जोडलेला रबरी पाइप आणि अग्निशामक नळकांडं. नळकांड्यापाशी मुलाचा काका उभा, आणि तो लग्न लागेपर्यंत जागचा हलला नाही. पेंढ्याचे गठ्ठे पार दुसऱ्या टोकाला, शर्यतींच्या मैदानाकडे. त्यांवर जुन्या गोधड्या, कारण पेंढा पैठणीतूनही टोचतो. मांडवाला छत नव्हतंच, चार बर्चचे खांब आणि त्यांना बांधलेल्या डहाळ्या. पाऊस आला तर काय, असं सगळे विचारत. गुरुजी म्हणाले, “छत्र्या.” गुरुजी पंचवीस वर्षं लंडनमध्ये लग्नं लावताहेत.

विजेचंही सांगते, कारण हे कुठल्याच सजावटीच्या पुस्तकात नसतं. चहासाठी पाणी उकळायचं मोठं भांडं तीन किलोवॉट ओढतं, म्हणजे इथल्या तेरा अँपिअरच्या सॉकेटचा सगळा जीव एका भांड्यात जातो. अशी दोन, शिवाय जेवण गरम ठेवायची टेबलं, बँडचा ध्वनिक्षेपक आणि दिव्यांच्या माळा. भाड्याचा जनरेटर घेताना आधी ही बेरीज करावी. आमच्याकडे ती माझ्या भावाने केली. तो नाशिकहून आला होता आणि वधूचा मामा या नात्याने त्याला काहीतरी ठोस काम हवं होतं.

फुलांचा बेत सोपा ठेवला. झेंडू जूनमध्ये इथे भरघोस मिळत नाही, तो उन्हाळ्याच्या शेवटाचा. मग स्वीट पी, कॉर्नफ्लॉवर, स्वीट विल्यम. जवळच्या फुलशेतीवाल्या बाईंकडून बादल्यांनी आणली आणि रात्रभर खोल पाण्यात, थंड गोठ्यात ठेवली. कापलेली फुलं अशी रात्रभर पाणी प्यायली तर दुसऱ्या दिवशी माना टाकत नाहीत. वेणीला मोगरा नाही म्हणून आत्याबाई हळहळत होत्या. स्वीट पीचा वास घेतल्यावर म्हणाल्या, “हरकत नाही, हेही चालेल,” आणि रात्री बसून पांढऱ्या-जांभळ्या वेण्या गुंफल्या.

या आत्याबाई, म्हणजे माझ्या नणंद, पुण्याच्या. आदल्या दिवशी कोकोनट शायची मांडणी बघून त्या थबकल्या. खुंटांवर कपात नारळ बसवलेले, समोर लाकडी चेंडूंची टोपली.

“हे काय करायचं?”

“चेंडू मारून नारळ खाली पाडायचा, वन्सं. पडला की तो घरी न्यायचा.”

“नारळाला मारायचं? लग्नात?”

मी काही बोलायच्या आत त्यांनी एक नारळ उचलून फिरवून पाहिला. इथे घाऊक बाजारात येतात ते सोललेले, गुळगुळीत. पूजेचे आम्ही लंडनमधल्या साउथॉलच्या भारतीय दुकानांतून वेगळे आणले होते. आत्याबाईंनी निकाल दिला, “याला शेंडीच नाही. पूजेला असाही चालला नसता. मारा खुशाल.” आणि साउथॉलच्या नारळांची पिशवी उचलून घरात आपल्या खोलीत नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी फुटलेले नारळ गोळा करायला त्या स्वतः तिथे होत्या. कुणी तडकलेला नारळ टाकून जायला लागलं की त्याला थांबवून पाणी प्यायला लावायच्या.

लग्नाच्या शनिवारी रेल्वेचा देशव्यापी संप होता. २१, २३ आणि २५ जून अशा तारखा जाहीर झाल्या तेव्हा लेक रडवेली झाली. लंडनहून येणारी मंडळी आगगाडीवर अवलंबून होती. शेवटी एक बस ठरवली आणि बाकीच्यांची गाड्यांत वाटणी केली. परिणाम असा झाला की दोन्हीकडचे अनोळखी पाहुणे दोन-दोन तास एकाच गाडीत बसून आले आणि उतरेपर्यंत गप्पांत रंगले होते.

मुहूर्ताला कुरणावर वारा सुटला. अंतरपाट धरणाऱ्या दोघांची तारांबळ उडत होती, शेवटी खालच्या कोपऱ्यांना कपड्यांचे चिमटे आणि चिमट्यांना चमचे लावले. अक्षता कागदाच्या शंकूंत भरून पोरांनी स्टॉलवरून वाटल्या होत्या. इथे लग्नात सुकी फुलं उधळायला असे शंकू देतातच, आम्ही आत तांदूळ घातले. मंगलाष्टकं गुरुजींनी, मग माझ्या भावाने, मग जावयाच्या बहिणीने देवनागरी वाचायला शिकून एक म्हटलं. प्रत्येक ‘सावधान’ला अख्खं कुरण एका आवाजात ओरडत होतं. सनई नव्हती. जवळच्या गावच्या ब्रास बँडचे पाच जण बोलावले होते, त्यांना सांगून ठेवलेलं की पडदा खाली आला की वाजवायचं. वाऱ्याने अंतरपाट मध्येच एकदा हातभर खाली गेला आणि ट्रॉम्बोनवाल्याने सुरुवात केली. गुरुजींनी हात वर करून त्याला थांबवलं, तो मान हलवून थांबला, आणि खऱ्या वेळी मात्र असा वाजला की बीचवरचे कावळे उडाले.

रुखवताबद्दल लिहायलाच हवं. फेटमध्ये उत्पादनांची स्पर्धा असते. जॅम, लोणची, केक, मोठाले गड्डे आणि काकड्या एका टेबलावर मांडतात, परीक्षक येतात, शेजारी कार्ड ठेवतात. पहिल्या नंबराला लाल, दुसऱ्याला निळं. आम्ही रुखवत तसंच मांडलं. वहिनीच्या करंज्या, चकल्या, साखरेचा संसार, सुपारीचे भटजी, लोकरीची तोरणं. शेजारी विहीणबाईंच्या मैत्रिणींचे जॅम आणि व्हिक्टोरिया स्पंज. परीक्षक म्हणून गावच्या वूमेन्स इन्स्टिट्यूटच्या दोन बायका. या संस्थेची ब्रिटनमधली पहिली शाखा १९१५ साली वेल्सच्या अँगलसी बेटावर निघाली. युद्धात सरकारने यांना साखर दिली आणि यांनी देशभर वाया जाणाऱ्या फळांचा जॅम घातला. केकच्या बाबतीत त्या कडक. व्हिक्टोरिया स्पंजमध्ये अंडी, लोणी, साखर, मैदा समान वजनाचे. मध्ये फक्त रासबेरीचा जॅम, क्रीम नाही. वर बारीक साखर, आयसिंगची भुकटी नाही. आणि जाळीवर गार करताना उठलेल्या रेघा दिसल्या तर गुण गेले. तोच चष्मा लावून त्यांनी करंज्या तपासल्या. एक मधोमध मोडली, सारण बघितलं, कड बघितली, कुजबुजल्या, आणि कार्डावर लिहिलं, “उत्कृष्ट खुसखुशीतपणा. मुरड एकसारखी हवी.” वहिनी एकवीस वर्षं सासूबाईंकडून हेच ऐकत आली आहे. ते कार्ड तिने पुण्याला नेलं. साखरेच्या संसाराला लाल कार्ड मिळालं.

बाकी दुपार पळापळीची. टोम्बोलात शेवटी शून्य किंवा पाच असलेली चिठ्ठी जिंकते. पैसे घ्यायचे नव्हते, म्हणून चिठ्ठ्या फुकट. बक्षिसांत त्यांच्याकडच्या वाइनच्या बाटल्या, पीचचे डबे, अंघोळीचे सुगंधी क्षार (प्रत्येक फेटमध्ये कुणीतरी जिंकून पुढच्या फेटला देतं, अशी ख्याती), आमच्याकडून उटणं, बाकरवडी, स्टीलचे डबे. सगळ्यात मागणी स्टीलच्या डब्यांना. वाइन जिंकलेले दोघं डबा बदलून मिळेल का विचारत फिरत होते. सरबताच्या टेबलावर विहीणबाईंचं एल्डरफ्लॉवर आणि माझं कोकम शेजारी शेजारी. एल्डरची फुलं कोरड्या सकाळी तोडायची आणि धुवायची नाहीत, चव परागात असते. लिंबू आणि साखरेच्या पाण्यात दिवसभर मुरवायची. डुकराच्या पिल्लाऐवजी कापडी डुक्कर ठेवलं होतं. आजी म्हणाल्या, हे खाता येत नाही. संध्याकाळी मसालेभात, वांग्याची भाजी, जिलबी, आणि बेरिलच्या कपांतून मठ्ठा. मठ्ठ्याला त्या कपांइतकं चांगलं भांडं मी दुसरं पाहिलेलं नाही.

रविवारी सकाळी सगळं उलट्या क्रमाने. कपबश्या धुऊन कपाटात, टेबलं हॉलमध्ये, तंबूवाले येऊन गेले, होमाच्या जागी गवतावर चौकोन राहिला. पताकांतल्या निम्म्या विहीणबाईंनी हॉलसाठी मागून घेतल्या. फुलाफुलांचे कप मी पुन्हा कार बूट सेललाच नेले, या वेळी डिकीच्या आतल्या बाजूला उभी राहून. एक मुलगी आली, आईला घेऊन. ऑगस्टमध्ये लग्न, शेतावर, विंटेज. तिने कप उचलून उजेडात धरले, किंमत विचारली, आईने निम्मी सांगितली. घासाघीस चांगली रंगली. पैसे मोजून घेताना मी तिला विचारलं, “शौचालयांचं बुकिंग झालंय ना?” दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मी त्यांना हॅम्पशरवाल्याचा नंबर लिहून दिला.